थांबावंसं वाटलं तिथे

आपल्याकडे माणूस उचलायला हात लगेच पुढे येतात. देवळाच्या पायऱ्या असोत, एसटीची उंच पायरी असो, नाहीतर लग्नाचं कार्यालय. व्हीलचेअर दिसली की टपरीवरचे दोघं-तिघं चहाचा ग्लास खाली ठेवून उठतात, "धर रे तिकडून" म्हणतात आणि खुर्चीसकट मला वर नेऊन ठेवतात. नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. मी आभार मानेपर्यंत ते परत टपरीवर पोचलेले असतात. या हातांविषयी माझ्या मनात अतिशय माया आहे. त्यांच्याच बळावर मी महाराष्ट्र पाहिला. तरीही इतक्या वर्षांच्या हिंडण्यातून जे कळलं ते सांगायलाच हवं. उचललेल्या माणसाला ठरलेल्या जागी पोचता येतं, मध्येच थांबता येत नाही. आणि मला तर प्रवासातलं सगळं सुख थांबण्यातच वाटतं. एखाद्या झाडाखाली उगाच टेकावं, पाटीवरचं अर्धवट पुसलेलं नाव लावत बसावं, सगळे पुढे गेले तरी आपण एकाच मूर्तीपाशी रेंगाळावं.

लहानपणी मी जत्रा पाहिली ती बाबांच्या पाठुंगळी बसून. पोलिओ झाला तेव्हा मी नुकतीच चालायला लागले होते, असं आई सांगायची. मला ते आठवत नाही. आठवते ती बाबांची पाठ. त्या उंचीवरून सगळं दिसायचं: कुस्त्यांचा फड, रेवड्यांचे ढीग, वर जाऊन क्षणभर अडकल्यासारखा वाटणारा पाळणा. पण बांगड्यांच्या दुकानापुढे जरा वेळ झाला की माझ्या पोटाला बाबांचा श्वास कळू लागायचा. तो जड झाला की मी म्हणायची, "चला बाबा, झालं बघून." झालेलं नसायचं. बाबा एका शब्दानेही दमलो म्हणाले नाहीत. पण ज्याच्या पाठीवर आपण बसलोय त्याच्या दमाचा अंदाज आपण घेतच राहतो, आणि तो घेता घेता बघायचं राहून जातं.

पुढे कॅलिपर आले, कुबड्या आल्या, आणि खांदे कुरकुरायला लागल्यावर खुर्ची आली. खुर्चीत बसणं म्हणजे हरणं, असं घरात सगळ्यांना वाटत होतं. मला मात्र पहिल्याच दिवशी अंगणातून फाटकापर्यंत आणि फाटकातून रस्त्यावर जाताना विलक्षण मोकळं वाटलं. नसीमा हुरजूक यांच्या आत्मचरित्राचं नाव 'चाकाची खुर्ची' आहे. ते हातात पडलं तेव्हा वाटलं, आपल्या घरातलीच गोष्ट कुणीतरी मोठ्याने सांगतंय. चाकं ही माझी. मी ढकलीन तेव्हा ती फिरतात, मी धरीन तिथे थांबतात.

अजिंठ्याला डोलीवाले आहेत. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवायची, तिथून चार किलोमीटर बसने लेण्यांच्या पायथ्याशी जायचं आणि मग घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या कड्यातून चढउतार सुरू. खुर्चीला बांधलेले दांडे, चौघांचे खांदे. "बसा ताई, फक्त हलू नका," त्यांच्यातला वयस्क माणूस म्हणाला. पावसाळा होता. खाली वाघूर दुथडी भरून वाहत होती, सातकुंडाच्या धबधब्याचा आवाज दरीभर भरला होता. एका वळणावर तो धबधबा असा काही समोर आला, की मला तिथेच बसून राहावंसं वाटलं. पण चौघांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसत होत्या. पायऱ्यांच्या मध्यावर त्यांना कसं सांगायचं, थांबा? मी मान वळवून मागे बघत राहिले आणि धबधबा कड्याआड गेला. बाबांच्या पाठीवरची ती मुलगी माझ्यात अजून होती.

२६ नंबरच्या लेण्यात मात्र मी पोटभर पाहिलं. डोली दाराशी टेकलेली, चौघं सावलीला बसलेले, मला दोघांनी आत नेऊन खांबाला टेकवून बसवलेलं. समोर महापरिनिर्वाणाचा बुद्ध, सुमारे सात मीटर लांबीचा, उजव्या कुशीवर पहुडलेला. त्याच्या मंचकाखाली शोक करणारे शिष्य कोरले आहेत. एकाने डोकं हातावर टेकलंय, एक नुसता समोर पाहतोय. उभ्याने येणारी माणसं बुद्धाच्या चेहऱ्याशी जात होती, फोटो काढून निघत होती. जमिनीवर बसलेल्या मला ते शिष्य डोळ्यांसमोर होते. मी एकेकाकडे बघत गेले. इथे कुणाच्या खांद्यावर माझा भार नव्हता.

डोलीवाल्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांचं पोट त्यावर आहे आणि त्यांच्याशिवाय मला अजिंठा दिसलाच नसता. पण माणसाने माणसाला वाहणं ही व्यवस्था दोघांनाही जड जाते. माथेरानला मोटार जात नाही, म्हणून वर्षानुवर्षं तिथे माणसं हातरिक्षा ओढत आली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून तिथे ई-रिक्षा आणायला सांगितलं. बातमी वाचून मला त्या ओढणाऱ्यांसाठी बरं वाटलं, आणि आत बसणाऱ्यांसाठीही. ई-रिक्षावाल्याला निःसंकोच म्हणता येतं, "दादा, जरा थांबा ना, या झाडाखाली."

वेरूळच्या कैलासात मी पहिल्यांदा माझी मी हिंडले. उंबऱ्यापाशी मदत लागली, पुढे लागली नाही. हे लेणं वरून खाली खोदत आणलेलं, आणि म्हणूनच त्याचं अंगण खाली, जमिनीच्या पातळीवर आहे. मुख्य मंडपात जायला जिना चढावा लागतो. सगळे लगबगीने जिना चढून गेले आणि अंगण माझं झालं. जोत्यावर मंदिराचा भार पेललेली हत्तींची रांग. कुणाची सोंड तुटलेली, कुणाचा कान झिजलेला. एका बाजूच्या भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांत रामायण, दुसऱ्या बाजूला महाभारत. दक्षिणेकडे कैलास हलवू बघणारा रावण. त्याच्यापाशी मी किती वेळ होते कुणास ठाऊक. ऊन भिंतीवरून सरकलं, रावणाच्या दंडांवरची सावली बदलली, तेव्हा भान आलं. मंडपात काय आहे ते मला माहीत नाही. पण हे अंगण मी जितकं पाहिलं तितकं जिना चढून गेलेल्यांपैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल.

त्या दिवशी माझ्यासोबत माझी कॉलेजातली मैत्रीण होती. ती जन्मापासून अंध. तिने काठी दगडावर आपटली, टाळी वाजवली, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, "अगं, केवढी खोल आहे ही जागा! आणि वर उघडी." एकोणिसाव्या शतकात जेम्स होल्मन नावाचा एक इंग्रज असाच जगभर फिरला होता. तो आरमारात लेफ्टनंट होता, पंचविशीत दृष्टी गेली. लोखंडी टोकाची काठी आपटत, तिच्या आवाजाचा अंदाज घेत तो एकटा हिंडायचा. रशियाला गेला आणि थेट सैबेरियापर्यंत पोचला. तिथे त्याला हेर समजून पकडलं आणि परत आणून सरहद्दीबाहेर घातलं. आंधळा माणूस निव्वळ हिंडण्याच्या ओढीने इतक्या लांब येईल, हे तिथल्या अधिकाऱ्यांना पटेना. माझ्या मैत्रिणीलाही लोक विचारतात, "तुम्हाला दिसत नाही तर इथे येऊन काय करता?" ती शांतपणे म्हणते, "तुम्ही जे करता तेच."

तिची एकच तक्रार असते: 'हात लावू नका' ही पाटी. ती पाटी योग्य आहे हे तिलाही कळतं. हजारो हातांच्या घामाने दगड झिजतो. पण मग तिने काय करायचं? दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ मध्ये 'अनुभव' नावाचं दालन सुरू झालं. तिथे मूळ वस्तूंच्या बावीस प्रतिकृती आहेत, त्या हाताने चाचपून पाहण्यासाठीच आहेत. ती तिथे गेली होती. परत आल्यावर फोनवर ती मूर्तींच्या बोटांबद्दल आणि दागिन्यांच्या काठांबद्दल बोलतच राहिली. कैलासाची अशी एक प्रतिकृती त्या अंगणात का नसावी? दगडाला धक्का न लावता तिला सबंध कैलास दोन हातांच्या कवेत घेता येईल. ऐकू न येणाऱ्यांसाठी सांकेतिक भाषेतल्या चित्रफिती करणं तर त्याहून सोपं आहे. फोन प्रत्येकाच्या हातात आहेच.

निघण्याआधी मी फोन करते. "तुमच्याकडे पायऱ्या आहेत का हो?" "नाही नाही, लिफ्ट आहे ना." "लिफ्टपर्यंत जायला?" मग पलीकडे जरा शांतता. "तशा दोन-चारच आहेत." चालणारा माणूस पायऱ्या मोजत नाही, म्हणून त्याला त्या दोन-चारच वाटतात. प्रत्यक्षात सहा निघतात, सात निघतात, आणि एकीलाही कठडा नसतो. "रॅम्प आहे" असं सांगतात तेव्हाही मला धीर धरवत नाही. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबीचा उतार हवा, हे प्रमाण सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतच दिलेलं आहे. त्या उतारावरून माणूस स्वतःच्या हाताने चाक ढकलत जाऊ शकतो. पण जागा वाचवायला म्हणून पायऱ्यांच्या कडेला जे उभं सिमेंट ओततात, ती शाळेतली घसरगुंडी असते. तिच्यावरून वर जायला पुन्हा ते टपरीवरचे दोघं लागतात.

आणि संडास. याबद्दल लिहायला संकोच वाटतो आणि म्हणूनच लिहिते. सहलीच्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही. माझ्या ओळखीतल्या बहुतेक खुर्चीवाल्या बायका पीत नाहीत. मे महिन्याच्या उन्हात, लेण्यांच्या तापलेल्या दगडांत, घसा कोरडा पडलेला असताना पाण्याची बाटली पिशवीतच राहते, कारण खुर्ची आत जाईल एवढं दार कुठे आहे हे माहीत नसतं. दार ९०० मिलिमीटर रुंद हवं. बहुतेक ठिकाणी ते पाऊण मीटरही भरत नाही. कुठे अपंगांसाठी म्हणून बांधलेलं असतं, त्याला कुलूप असतं, आणि आत झाडू, बादल्या, जुने फलक रचलेले असतात. किल्ली कुणाकडे? तो जेवायला गेलाय. पर्यटनाच्या जाहिरातीत धबधबे असतात, सूर्यास्त असतात. मला एका उघड्या, कोरड्या, रुंद दाराच्या संडासाचा फोटो कुणी दाखवला तर मी त्या गावाला आधी जाईन.

मागच्या दारांचीही मला चांगली ओळख आहे. स्टेशनवर जिना चढता येत नाही, म्हणून फलाटाच्या टोकाकडून, पार्सलच्या गाड्या जिथून रूळ ओलांडतात तिथून मला नेतात. एका बाजूला आंब्याच्या पेट्या, दुसऱ्या बाजूला मी. हॉटेलात स्वयंपाकघरातून, सामान चढवायच्या लिफ्टमधून. नेणारे फार जपून नेतात. पण पुढच्या दाराने, सगळ्यांबरोबर, बोलत बोलत आत जाण्यात पाहुणचार असतो. तो मागच्या दाराने मिळत नाही.

हे सगळं अशक्य असतं तर मी गप्प बसले असते. २००१ च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग भारतात आले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेला ते होते, पुढे दिल्लीला गेले. त्यांना कुतुबमिनार, जंतरमंतर पाहायचं होतं. जावेद अबिदी यांनी, जे स्वतः खुर्ची वापरत आणि ज्यांनी अपंगांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचलं, पुरातत्त्व खात्यामागे तगादा लावला, आणि दिल्लीतल्या काही स्मारकांवर लाकडी रॅम्प बसले. शतकानुशतकं उभ्या असलेल्या वास्तूंना काही झालं नाही. एका मोठ्या पाहुण्यासाठी जे घाईघाईने झालं, ते रोजच्या पाहुण्यासाठी सावकाशीने नक्कीच होतं.

लगेच कुणीतरी म्हणतं, "मग काय, गडावर सिमेंटचे रस्ते करायचे?" मुळीच नाही. रायगडाचा कडा कुणी फोडलेला मला सोसणार नाही. १९९६ पासून तिथे रोपवे आहे, हिरकणीवाडीतून काही मिनिटांत वर नेतो, आणि कडा होता तसाच आहे. ग्रीसमध्ये अथेन्सच्या अक्रोपोलिसवर २००४ च्या पॅरालिम्पिकच्या वेळी लिफ्ट बसवली. ती जुनी झाली, सारखी बंद पडू लागली, म्हणून २०२० च्या डिसेंबरात नवी बसवली आणि वरच्या वाटाही सपाट केल्या. त्या काँक्रीटच्या वाटांवरून तिथे मोठा वाद झाला. असा वाद व्हावा. कुठली वाट करावी, कशाची करावी, ती उद्या काढून टाकता येईल का, यावर जाणत्यांनी जरूर भांडावं. वाट करायचीच नाही यावर मात्र वाद संपू नये.

समुद्र मला चेन्नईत भेटला. सातशे किलोमीटरहून लांब किनारा असलेल्या राज्यात वाढलेली मी, कोकणात किती वेळा गेले, पण समुद्र नेहमी रस्त्याच्या कठड्यावरून पाहिला. वाळूत चाक रुततं. घरचे सगळे पाण्यात, मी गाडीत, चपलांची आणि मोबाइलची राखण करत. मरीना बीचवर २७ नोव्हेंबर २०२२ ला लाकडी वाट खुली झाली: २६३ मीटर लांब, तीन मीटर रुंद, रस्त्यापासून थेट लाटांजवळ. मी गेले त्या संध्याकाळी वाटेवर चिक्कार गर्दी होती. फळ्यांवरून चाकांचा खडखड आवाज येत होता. भाजलेल्या कणसांचा वास, पतंग, कुणाचं तरी रडणारं मूल. मधेच थांबले, कणीस घेतलं, तिखटमीठ लावून घेतलं, पुन्हा थांबले. कुणी पाठीमागे धापा टाकत नव्हतं. टोकाशी आले तेव्हा वाऱ्याबरोबर आलेलं पाणी चेहऱ्यावर उडालं, ओठांवर खारट लागलं. मी तिथे अंधार पडेपर्यंत बसले. खुली झाल्यावर दोन आठवड्यांच्या आतच मंदौस चक्रीवादळाने ही वाट मोडली होती, हे मला तिथेच एकाने सांगितलं. महापालिकेने ती पुन्हा बांधली. मला त्या बांधण्याइतकंच पुन्हा बांधण्याचं मोल वाटतं. गोव्यात २०२३ च्या जानेवारीत पणजीला पहिला पर्पल फेस्ट झाला, देशभरातून अपंग माणसं तिथे आली, हिंडली, नाचली. उत्सव सरल्यावरही वर्षभर पुरेल अशी एक वाट आपल्या कोकणातल्या एका तरी किनाऱ्यावर व्हावी.

प्रवास म्हणजे पोचणं नव्हे, हे आपल्या मातीला कुणी शिकवायला नको. वारीत तीनचाकी सायकल हाताने फिरवत निघालेली माणसं मी पाहिली आहेत. विसावे ठरलेले, मुक्काम ठरलेले, पालखीचा वेग थकलेल्याच्याही बेताचा. ज्याला गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही त्याचं कळसाचं दर्शनही पोचतं. आणि पंढरीच्या देवळाच्या दारात नामदेवांची पायरी आहे. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, असं सांगतात. पण प्रत्यक्षात त्या पायरीवर कुणी पाय देत नाही. सगळे वाकतात, हात लावतात, कपाळ टेकतात. समोरच चोखोबांची समाधी, ज्यांना आयुष्यभर या देवळाची पायरी चढू दिली नाही. मी खुर्ची अगदी जवळ नेली, वाकले, हात लावला. माझ्या शेजारची नऊवारीतली आजी तेच करत होती. आयुष्यात मला आडव्या आलेल्या असंख्य पायऱ्यांपैकी या एकीपाशी मी आणि चालणारी माणसं एकसारखी होतो.

बाबा आमटे यांची 'भारत जोडो' यात्रा १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली. तरुण मुलं सायकलींवर, आणि बाबा गाडीत आडवे. मणक्याच्या दुखण्याने त्यांना बसता येत नव्हतं. उभं राहायचं किंवा निजायचं, एवढंच शक्य होतं. निजून त्यांनी देश ओलांडला. कुठे थांबायचं, कुणाशी बोलायचं हे त्यांच्या मनावर होतं, आणि त्यांना झेपेल अशी गाडी होती. गाडी शरीराला जुळवून घेते तेव्हा माणूस कुठेही जाऊ शकतो, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

अपंगांच्या हक्कांचा कायदाही आहे. १९९५ चा होता, २०१६ मध्ये नवा आला, अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं मोजली गेली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या खटल्यात सांगितलं, की सुगमतेचे नियम नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. आणि सरकारला तसे किमान नियम करायला तीन महिन्यांची मुदत दिली. इमारतीचा नकाशा मंजूर करणाऱ्या प्रत्येक टेबलापर्यंत हा निकाल पोचायला हवा.

तोवर तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. पुढच्या वेळी लेणी, देऊळ, गड, किनारा, जिथे जाल तिथे पायऱ्या मोजा. संडासाचं दार विताने का होईना, मोजा. कुलूप असेल तर किल्ली मागा आणि ते उघडून घ्या. कुणी अपंग माणूस अडलेला दिसला तर उचलण्याआधी विचारा, कारण कदाचित तो अडलेला नसेल, बघत थांबलेला असेल. आणि घरी आल्यावर तुमच्या ओळखीत खुर्ची, कुबडी किंवा पांढरी काठी वापरणारं कुणी असेल तर त्याला फोन करून सांगा. तेव्हा कृपा करून दोन-चार म्हणू नका. नेमका आकडा सांगा, म्हणजे यायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल.